ताण किती काळ, कोणत्या वयात?

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावाबाहेर, एका शेतात घट मांडला जातो. गाव जळगाव जामोद तालुक्यातले, पूर्णेच्या खोऱ्यातले. गोलाकार आखणीच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, भादली, करडी, अंबाडी, सरकी अशी अठरा धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, भजी, वडा, कुरडई, सांडोळी, करंजी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले वारसदार घटाची पाहणी करतात. कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, करंजी शाबूत आहे की नाही, हे पाहून पाऊस, पिके, भाव आणि देशाच्या तिजोरीपर्यंत सगळ्यांचे भाकीत जाहीर होते. ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे सांगतात. उजाडायच्या आत आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी तिथे जमलेले असतात, आणि जे जात नाहीत ते दिवसभर एकमेकांना विचारत राहतात, "यंदा पान्याचं काय सांगतलं?"

या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत आणि ते खरेच आहे. पण मेंदूच्या अभ्यासकाला इथे वेगळाच प्रश्न पडेल. भाकीत चुकते हे ठाऊक असलेली माणसेसुद्धा ते ऐकायला का जातात? यंदा पाऊस कमी, असे कानावर पडले तर त्यात सुखावण्यासारखे काय आहे?

भेंडवळच्या आसपासची जमीन पाहिली की या प्रश्नाला धार येते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या पट्ट्याचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तरी पाणी खारे लागते, ते पिकाला देता येत नाही. घाटावरच्या तालुक्यांत पाणी गोडे असले तरी सिंचन थोडेच. म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर सगळे आभाळाच्या हवाली. ज्या गोष्टीवर वर्षाचे पोट अवलंबून आहे, ती होणार की नाही हे कळायला मार्ग नाही, अशा स्थितीत मेंदूत काय चालते, याचा शोध गेल्या शंभर वर्षांत बराच लागला आहे. त्यातला महत्त्वाचा भाग आपल्याकडे, बंगळूर आणि मुंबईच्या प्रयोगशाळांत लागला आहे.

दगडाखाली साप आहे का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे, प्रत्येक वेळी अंदाज करायचा की त्याखाली साप आहे की नाही. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा. कोणत्या दगडाखाली साप निघण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता उमगायचे, पण ते प्रमाण मधूनच बदलायचे. खेळ चालू असताना प्रत्येकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि तळहाताचा घाम मोजला जात होता.

साप शंभर टक्के निघणार हे ठाऊक असताना ताण सर्वाधिक असेल, असे कोणालाही वाटेल. मोजणीत निघाले ते असे की, शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वांत जास्त होता. झटका नक्की बसणार हे माहीत असलेले लोक, बसेल की नाही या पेचात असलेल्यांपेक्षा शांत होते.

याची चाहूल त्याआधी पाच दशके जे वाइस या अमेरिकी संशोधकाला उंदरांत लागली होती. त्याने उंदरांच्या शेपटीला सौम्य झटके दिले. एका गटाला झटक्याआधी आवाजाची सूचना मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. झटके दोघांनाही सारखेच. तरीही सूचना न मिळालेल्या उंदरांच्या जठरात कितीतरी जास्त व्रण झाले. झटका थांबवण्याचे चाक फिरवता येणाऱ्या उंदरांचे व्रण असेच कमी भरले. अर्थ असा की शरीराला इजा करते ती निव्वळ वेदना नव्हे. ती केव्हा येणार हे न कळणे आणि तिच्यावर आपला ताबा नसणे, या दोन गोष्टी जास्त नुकसान करतात. कोरडवाहू शेतीत दोन्ही आहेत. भेंडवळला पहाटे जमणारी गर्दी भोळी म्हणून सोडून देण्याआधी हे ध्यानात घ्यावे. निम्म्या-निम्म्या शक्यतेत तीन महिने काढण्यापेक्षा वाईट बातमीसुद्धा मेंदूला सोसवते.

हायपोथॅलॅमसपासून मूत्रपिंडाच्या माथ्यापर्यंत

धोका दिसला की शरीरात दोन यंत्रणा जाग्या होतात. पहिली चेतातंतूंची. ती सेकंदांत ॲड्रिनलिन सोडते, छाती धडधडते, हातपाय ताठरतात. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे वर्णन 'लढा किंवा पळा' असे केले.

दुसरी यंत्रणा संथ आणि जास्त खोल. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे संप्रेरक निघते. ते शेजारच्या पिट्यूटरी ग्रंथीला एसीटीएच सोडायला लावते. एसीटीएच रक्तातून दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचते आणि तिथून कॉर्टिसॉल स्रवते. ताणाचा प्रसंग घडल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांत त्याची पातळी शिगेला पोचते. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते, पचन आणि प्रतिकारशक्ती यांची कामे तात्पुरती मागे ठेवते आणि हाती असलेली ऊर्जा समोरच्या संकटाकडे वळवते.

या साखळीचा शोध तुकड्यातुकड्यांनी लागला. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक छोटेखानी पत्र प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा किंवा विषारी द्रव्य टोचा, तिन्ही वेळा शरीरात तेच बदल दिसतात : अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. ताण ही वैद्यकाची बाब ठरली ती तेव्हापासून. साखळीतली पहिली कडी, सीआरएच, मात्र १९८१पर्यंत हाती लागली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या वायली वेल यांच्या गटाने जवळपास पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंतले हायपोथॅलॅमसचे तुकडे गाळून हे ४१ अमिनो आम्लांचे रेणू वेगळे केले. एका मेंदूत ते इतके अल्प असते.

कॉर्टिसॉल हा शब्द हल्ली शत्रूसारखा वापरला जातो, ते चूक आहे. सकाळी झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप वाढते, म्हणून आपण कामाला लागतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. ते तयारच झाले नाही तर ताप आला किंवा अपघात झाला की माणूस कोसळतो. या यंत्रणेचे सौंदर्य तिच्या बंद होण्यात आहे. टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन पाणी थांबवतो, तसे कॉर्टिसॉल वाढले की तेच मेंदूत जाऊन सीआरएचचा नळ बंद करते. ताण संपला, पातळी उतरली, माणूस जेवायला बसला, इथे गोष्ट संपायला हवी. जेव्हा ती संपत नाही, तेव्हा आजार सुरू होतो.

एकाच मेंदूत दोन परिणाम

नळ बंद करणारा भाग मेंदूत नेमका कोठे असतो? १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण केलेले ताणसंप्रेरक टोचले आणि ते मेंदूत कोठे साठते हे पाहिले. ते साठले हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे कानाच्या पातळीवर आत खोलवर असलेल्या, आठवणी तयार करणाऱ्या भागात. तोवर समज असा होता की संप्रेरके शरीर चालवतात आणि मेंदू त्यांच्यावर हुकूम चालवतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतले रसायन थेट स्मृतीच्या केंद्रात जाऊन बसते, हे कळल्यावर ती समजूत मोडली.

पुढे मॅक्यूएन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की ताण आठवडेच्या आठवडे टिकला तर हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखूड होतात. याच शाखांवर पेशी एकमेकींचे संदेश घेतात. सतत काळजीत असलेल्या माणसाला साध्या गोष्टी आठवत नाहीत, एखादी गोष्ट कुठे ठेवली ते सुचत नाही, याचे एक कारण इथे आहे.

मग सगळा मेंदूच आक्रसतो का? या प्रश्नाचे उत्तर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास हालचाल करता येणार नाही असे ठेवले होते. हिप्पोकॅम्पसमधील शाखा अपेक्षेप्रमाणे आखूड झाल्या. अमिग्डाला या भीतीच्या केंद्रातल्या पेशींच्या शाखा मात्र उलट वाढल्या. जो ताण स्मृतीचे केंद्र दुबळे करतो, तोच भीतीचे केंद्र पुष्ट करतो.

२००४ साली याच गटाने पुढचा प्रश्न घेतला. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस विश्रांती दिली तर? हिप्पोकॅम्पसमधील बदल ताण थांबल्यावर भरून येतात, हे आधी माहीत होते. अमिग्डालातली वाढ एकवीस दिवसांनंतरही तशीच राहिली आणि उंदीर घाबरटच राहिले.

हे मोजतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराची, चार अरुंद वाटांची एक चौफुली असते. दोन वाटांना भिंती असतात, दोन उघड्या. उंदराला मध्यावर सोडतात. तो स्वभावाने चौकस, त्यामुळे उघड्या वाटेवरही डोकावून येतो. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडच बसून राहतो. उघड्या वाटेवर त्याने किती सेकंद काढले, हे मोजले की त्याच्या भीतीचे माप मिळते. जगभरच्या प्रयोगशाळांत ही चौफुली वापरतात. पुढे जिच्याविषयी वाचाल ती मुंबईची प्रयोगशाळाही तिला अपवाद नाही.

मृगापासून चुकाऱ्यापर्यंत

आता पुन्हा बुलढाण्याच्या शिवारात येऊ. शेतकऱ्याच्या ताणाविषयी बोलताना आपण एखादी मोठी आपत्ती डोळ्यांसमोर आणतो : गारपीट, २०१७ साली विदर्भात कापसावर आलेली गुलाबी बोंडअळी, एखादा कोरडा दुष्काळ. वर दिलेल्या प्रयोगांच्या प्रकाशात खरा घात वेगळीकडे दिसतो, तो ताणाच्या लांबीत. मृगाचा पाऊस आला तर पेरणी. आला आणि दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. शेंगा भरायच्या वेळी खंड पडला तर दाणा बारीक. सोंगणी होऊन सोयाबीनची सुडी लागली आणि परतीचा पाऊस आला तर माल डागी. तो वाळवून बाजार समितीत नेला तर भाव काय, आणि चुकारा कधी? त्यातून बँकेचे पीककर्ज फेडायचे की सावकाराचे? तूर उभी असते, तिच्यावर धुके पडेल का? जूनपासून जानेवारीपर्यंत दगड उलटत राहायचे आणि खाली साप आहे की नाही ते पाहत राहायचे.

पाऊस आणि संप्रेरक यांचा थेट संबंध केनियात तपासला गेला आहे. गरीब शेतकऱ्यांची आणि नैरोबीत धातुकाम करणाऱ्या कारागिरांची लाळ तपासून तिच्यातले कॉर्टिसॉल मोजले आणि उपग्रहांनी नोंदवलेल्या पावसाशी ताडून पाहिले. पाऊस कमी पडल्यानंतर दहा ते वीस दिवसांनी कॉर्टिसॉल वाढलेले आढळले, आणि ही वाढ शहरी कारागिरांपेक्षा शेतकऱ्यांत जास्त होती. पावसाने दिलेली ओढ रक्तात उतरते, हे म्हणणे आता अलंकारिक राहिलेले नाही.

तामिळनाडूतला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स'मध्ये आला. ऊस उत्पादकांच्या हाती पैसा वर्षातून एकदा, तोडणीनंतर येतो. ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर तर्काची व लक्ष एकाग्र करण्याची कोडी दिली. माणसे तीच, पण पैसा येण्यापूर्वी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. संशोधकांच्या मते पैशाची विवंचना मनाची इतकी जागा व्यापते की दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही. कर्ज, विमा, वाण, विक्री असे सर्वांत अवघड निर्णय शेतकऱ्याला नेमके याच काळात घ्यावे लागतात. एखादा निर्णय चुकला की 'अक्कल नाही' म्हणणाऱ्यांनी ही आकडेवारी पाहावी.

शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता. आत्महत्येचे कारण एकच कधी नसते. कर्ज, आजारपण, व्यसन, घरातले वाद, नैराश्य यांची गुंतागुंत असते. लांबत गेलेला ताण या प्रत्येक धाग्याला पीळ घालतो, एवढे मात्र जीवशास्त्र ठामपणे सांगते.

कुलाब्यातली पिल्ले

आतापर्यंत आपण ताण किती काळ टिकतो याचा विचार केला. दुसरा प्रश्न वयाचा. त्यावर भारतात सर्वांत चिकाटीने काम केले ते विदिता वैद्य यांनी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्या अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या आणि नैराश्यावरच्या संशोधनात मोठे नाव असलेल्या रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आणि ऑक्सफर्डला काम करून २००० साली त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, रुजू झाल्या. २०१५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली जीवशास्त्रासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्यांच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग मांडायला अगदी साधा आहे. उंदराची पिल्ले जन्मली की दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्यांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवायचे. नंतर परत आईजवळ. पंधराव्या दिवसापासून सगळे सुरळीत : खाणे, ऊब, सोबत. पिल्ले मोठी होतात, वरवर पाहता निकोप दिसतात. प्रौढ झाल्यावर त्यांना चौफुलीवर सोडले की फरक कळतो, ती उघड्या वाटेवर यायला धजत नाहीत. आयुष्यातल्या तेरा दिवसांची खूण कायम राहिलेली असते.

ही खूण मेंदूत कोणती वाट धरून उमटते? वैद्य यांच्या गटाचा संशय सेरोटोनिनवर होता. हे रसायन मेंदूत मोजक्या पेशी बनवतात, पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. पेशींच्या पृष्ठभागावर सेरोटोनिन पकडणारे ग्राहक रेणू अनेक प्रकारचे आहेत, त्यातले '५-एचटी२' या गटातले ग्राहक पेशीला उत्तेजित करतात. आईपासून दुरावण्याच्या त्या दिवसांतच पिल्लांना हे ग्राहक अडवणारे औषध दिले, तेव्हा ती मोठेपणी घाबरट झाली नाहीत. दुरावा तोच होता, पण खूण उमटली नाही.

पुढे २०२०च्या एका प्रयोगात पिल्लांना आईपासून दूर केलेच नाही. जनुकीय तंत्राने त्यांच्या पुढच्या मेंदूतील उत्तेजक पेशींना दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत औषध देऊन जास्त कामाला लावले. एवढ्यानेच ती मोठेपणी भित्री आणि निराश वागू लागली. हेच उत्तेजन नंतरच्या वयात दिले तर तसा कायमचा परिणाम दिसला नाही. म्हणजे मेंदूच्या घडणीत एक ठरावीक मुदत असते आणि त्या मुदतीत जे घडते त्याचा हिशेब वेगळा लागतो.

औषधांनाही हा नियम लागू पडतो. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे नेहमीचे औषध सेरोटोनिनचा प्रभाव वाढवते. प्रौढांना त्याने आराम पडतो. उंदराच्या नवजात पिल्लांना तेच दिले, तर ती मोठेपणी चिंतातुर होतात. (हे वाचून कोणत्याही गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने आपले औषध स्वतःहून बंद करू नये. उपचार न झालेले नैराश्यही बाळाला घातक असते. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)

आणखी एक निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. बालपणी ताण सोसलेले उंदीर तरुणपणी काही बाबतीत सरस ठरले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त तयार होत होत्या आणि ताणाच्या प्रसंगी ते लवकर शिकत होते. मध्यमवयात चित्र पालटले. नव्या पेशी घटल्या, स्मरण खालावले. 'लहानपणी टाकीचे घाव सोसले म्हणून माणूस घडतो' हे आपण अभिमानाने सांगतो. विशी-पंचविशीत ते खरे वाटूही शकते. बिल उशिरा येते.

२०१९ साली उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाबरोबर केलेल्या कामात वैद्य यांनी सेरोटोनिनचे एक अनपेक्षित काम दाखवले. ते चेतापेशींमधील मायटोकाँड्रियांची संख्या वाढवते, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचा पुरवठा वाढवते आणि ताणाच्या माऱ्यात पेशीला तग धरायला मदत करते. सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य आणि वाढले की आनंद, हे सोपे समीकरण आता शास्त्रज्ञांनी सोडून दिले आहे. त्याच्या जागी पेशींची ऊर्जा, शाखांची वाढ, ग्राहकांचे प्रकार आणि वय यांचे बारकाईचे चित्र उभे राहत आहे.

उंदरावरून माणसाकडे येताना सावध राहायला हवे. बाळाला आजीजवळ ठेवून निंदायला जाणाऱ्या आईशी या प्रयोगाचा काही संबंध नाही. तिथे बाळाला सोबत आहे, ऊब आहे. बांधावरच्या निंबाला झोळी बांधून वेचणी करणारी आई तर हाकेच्या अंतरावरच असते. प्रयोगातला दुरावा म्हणजे आधाराचा अभाव. माणसाच्या घरात त्याची रूपे निराळी : सतत भांडणे, मारहाण, दारू, उपासमार, कर्जाच्या धसक्याने खचून गेलेली आई. तिच्यावर दोष ठेवून काही साधत नाही. तिचाच ताण कमी करणे, हा बाळाच्या मेंदूचा इलाज आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, हा मनाचा कमकुवतपणा मानणे सोडायचे. कायद्याने ते सोडले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

दुसरी, उपचार गावात पोचवता येतात याचा पुरावा शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम चालवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलायचे, प्राथमिक मानसिक आधार द्यायचा, गरज पडल्यास समुपदेशक आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञ. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे तपासलेली नसल्यामुळे सगळे श्रेय एकट्या उपक्रमाला देता येत नाही. पण मोठे रुग्णालय नसतानाही माणसे मदत घ्यायला पुढे येतात, हे त्यातून दिसले. राज्याच्या आरोग्य विभागाचा 'प्रेरणा प्रकल्प' याच दिशेचा. त्यात आशा कार्यकर्ती शेतकरी कुटुंबांना भेटून ताणाची लक्षणे टिपते.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या हातात नाही. वाइस यांच्या उंदरांना सूचनेचा आवाज मिळाला आणि त्यांचे व्रण घटले. शेतकऱ्यासाठी हा आवाज म्हणजे तालुक्यापुरता नेमका हवामान अंदाज, पेरणीआधी जाहीर होऊन खरोखर पाळला जाणारा भाव, वेळेत मिळणारा विमा आणि ठरल्या तारखेला हाती पडणारा चुकारा. या गोष्टी आपण कृषी धोरणात मोजतो. त्या मानसिक आरोग्याच्या योजनाही आहेत आणि गोळ्यांइतक्याच गरजेच्या आहेत. नुसत्या समुपदेशनावर भागवणारे सरकार आणि नुसत्या कर्जमाफीवर भागवणारे सरकार, दोघेही अर्धेच काम करतात.

वाचकाच्या हातातले काम छोटे आहे. घरातल्या किंवा शेजारच्या माणसाची झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, जेवण तुटले असेल, तो बोलेनासा झाला असेल, 'आता काही उरलं नाही' असे म्हणत असेल, तर त्याला थेट विचारा आणि एकटे सोडू नका. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच साठवून ठेवा.